तुमची पलटण कूतमध्ये आहे

दर वर्षी ७ डिसेंबरला शाळेतली मुलं डबा घेऊन दारात येतात. लाल, गडद निळा आणि आकाशी अशा तीन पट्ट्यांचा छोटा कागदी ध्वज तुम्ही घेता, डब्यात नोट सारता, खिशाला टाचणी टोचता आणि कामाला लागता. सशस्त्र सेना ध्वजदिन तिथेच संपतो. यंदा टाचणी टोचून झाली की जरा थांबा. तारीख तीच राहू द्या, साल तेवढं मागे न्या. १९१५. मोबाइल घरीच ठेवा. अंगात खाकी चढवा. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत लोकरी पट्टी गुंडाळा. सैल बसली तर चिखलात सुटेल, करकचून बांधली तर पाय बधिर होईल; पहिल्या दिवशी कुणालाच जमत नाही. शेजारचा गडी खाली वाकतो आणि न विचारता तुमची पट्टी सोडून पुन्हा नीट बांधून देतो.

"कुन्या गावचा रं तू?"

तुम्ही गावाचं नाव सांगता.

"म्या कोरेगावाकडचा. त्यो पल्याड बसलाय न्हवं, त्यो सावंतवाडीचा. त्याला बोलता कर, ऐकत ऱ्हावंसं वाटतं."

तुम्ही आता १०३ मराठा लाइट इन्फन्ट्रीत आहात. घरी, गावात आणि फौजेत तिला जंगी पलटण म्हणतात. तुम्ही जिथे उभे आहात ते गाव कूत, मेसोपोटेमियातलं, म्हणजे आजच्या इराकमधलं. तैग्रीस नदीनं इथे मोठं वळण घेतलं आहे आणि वळणाच्या पोटात हे गाव बसलं आहे: मातीची घरं, खजुराची झाडं, एक मिनार, छत घातलेला बाजार. तिन्ही बाजूंना नदी. चौथी बाजू मोकळी होती, ती आज तुर्कांनी बंद केली. जनरल टाउन्शेंडची सहावी पुणे डिव्हिजन आत अडकली. तुमच्या पलटणीशिवाय ११० मराठा आणि ११७ मराठा याही इथेच आहेत. सातारा, रत्नागिरी, कुलाबा, पुणे, कोल्हापूर, एवढ्या मुलखातली पोरं एका नदीच्या वळणात कोंडली गेली आहेत.

गावाचा वास आधी अंगावर येतो. नदीकाठच्या घाणीचा, ओल्या मातीचा, गाढवांच्या लिदीचा आणि त्याहून जास्त माणसांचा. सलमान पाकच्या लढाईनंतर ही फौज उलट पावली चालत इथे पोचली, ती बगदादच्या दिशेनं पुढे जाण्याची आशा मागे टाकून. माणसं पोचली तिथेच आडवी झाली. कपडे बदलून किती दिवस झाले ते कुणी बोलत नाही. घामाचा, ओल्या लोकरीचा, चामड्याचा, जखमेवरच्या औषधाचा वास एकमेकांत मिसळला आहे. तासाभरानं तो तुम्हाला जाणवेनासा होईल, कारण तोवर तो तुमच्या अंगालाही लागलेला असेल.

मग हातात फावडं येतं. युद्ध म्हणजे बंदूक, असं आपण समजत आलो. कूतमध्ये युद्ध म्हणजे खणणं. रात्रभर खणायचं, कारण दिवसा डोकं वर काढलं की समोरून गोळी येते. वरची माती कडक, खालची चिकट. तळहाताला फोड येतात, फुटतात, पुन्हा येतात. शेतावर राबलेल्या पोरांना हे काम जमतं आणि साहेबलोकांनाही ते ठाऊक आहे.

गावापासून उत्तरेला नदीकाठी एक मातीचा किल्ला आहे. किल्ला म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर अजिंक्यतारा आला असेल, तर तो पुसून टाका. ही नुसती मातीच्या विटांची भिंत आहे. तोफेचा गोळा लागला की ती फुटत नाही, सरळ सांडते. जंगी पलटणीच्या वाट्याला हाच किल्ला आला.

२४ डिसेंबरला तुम्ही त्या भिंतीच्या आत आहात. सकाळपासून गोळे पडताहेत. आवाजाची सवय होते. धुळीची होत नाही. ती नाकात जाते, दातांत कचकचते, रायफलच्या खटक्यात शिरते. शेजारचा गडी धोतराच्या फडक्यानं खटका पुसतो, तुमच्या हातातली रायफल ओढून घेतो, तीही पुसतो. ईशान्येच्या बुरुजाची भिंत ढासळते आणि जिथे भिंत होती तिथे एकदम उजेड दिसतो. त्या उजेडातून माणसं आत येतात.

पुढचं सगळं हाताच्या अंतरावर घडतं. संगिनी, हातबॉम्ब, रायफलचे दस्ते. तुमच्या डावीकडे ऑक्सफर्डशरची गोरी पलटण, उजवीकडे तुमचीच पोरं. कुणी मराठीत ओरडतो, कुणी इंग्रजीत, समोरून तुर्कीत, आणि अर्थ सगळ्यांना कळतो. हल्ला मागे रेटला जातो. अंधार पडल्यावर पुन्हा येतो, पुन्हा रेटला जातो. थंडी इतकी की बोटं खटक्याला चिकटल्यासारखी वाटतात. उजाडल्यावर भिंतीबाहेर मृतदेह दिसतात. मधल्या पट्टीत कुणाला जाता येत नाही, ते तिथेच राहतात. ऊन चढतं तसा वास चढतो. कोरेगावचा गडी नाकाला फडकं बांधतो आणि हळूच म्हणतो, "त्येंच्या बी आया असत्यालच की रं."

लढाईचं वर्णन मी इथेच सोडतो. कूतमध्ये लढाईचे दिवस थोडे होते. बाकीचे दिवस कसे गेले, ते सांगायला हवं, कारण माणसं त्या दिवसांत झिजली.

जानेवारीत पाऊस सुरू होतो. नदी फुगते आणि बांध घालूनही खंदकात शिरते. आधी घोट्याएवढं, मग गुडघ्याएवढं. तुम्ही पाण्यात उभे, समोरचा तुर्कही पाण्यात उभा; शेवटी दोघांनाही मागे सरावं लागतं. नदीपलीकडे एका छोट्या वस्तीत ११० मराठा बसली आहे. भोवती पुराचं पाणी आणि त्यांच्याकडे जायला होडीवाचून मार्ग नाही. पायातले बूट वाळत नाहीत. पायाची कातडी पांढरी पडते, सुरकुतते, बोटांमधून सोलून निघते. रात्री बेडूक इतके ओरडतात की पहाऱ्यावरच्या माणसाला दुसरं काही ऐकू येत नाही.

पाणी एवढं सगळीकडे, तरी प्यायचं पाणी जिवावर उदार होऊन आणावं लागतं. भिस्ती पखाल घेऊन नदीवर उतरतो. पलीकडच्या काठावर नेमबाज बसलेला असतो. पखालीला भोक पडलं तर पाणी जातं, भिस्त्याला लागलं तर दोन्ही जातात. तुमच्या तांब्यातल्या पाण्यात गाळ आहे, म्हणून नाक मुरडू नका. या फौजेत हजारो माणसं अशी आहेत ज्यांच्या हातात बंदूक नाही: भिस्ती, लांगरी, डोलीवाले, खेचरवाले, मेहतर. आपण ध्वजदिनाला 'सैनिक' म्हणतो तेव्हा यांची आठवण फारशी कुणाला होत नाही. तैग्रीसच्या काठावर त्यांच्यावर झाडलेली गोळी मात्र शिपायाच्या गोळीहून वेगळी नव्हती.

छत घातलेल्या बाजारात हिंदी सैनिकांचा दवाखाना आहे. जिथे कापड आणि मसाले विकले जात, तिथे आता दोन्ही बाजूंना माणसं निजली आहेत. आत शिरा. दुपारीही अंधार, छताच्या फटींतून उजेडाच्या काठ्या खाली आलेल्या. कण्हण्याचा एकच सूर नाही; कुणी पाणी मागतो, कुणी आईला हाक मारतो, कुणी तापात शेताच्या बांधावरून भावाशी भांडतो. गोळे इथेही पडतात. डोलीवाला तुम्हाला बाजूला सारतो, "सरका, सरका."

रात्री मात्र एक गोष्ट सगळ्यांना जागं ठेवते. नदीच्या खालच्या अंगाला आकाशाची कड लुकलुकते आणि थोड्या वेळानं घुमल्यासारखा आवाज येतो. वेढा फोडायला येणाऱ्या फौजेच्या तोफा. माणसं भिंतीवर चढून ऐकतात. "काल परीस जवळ आलाय आवाज." "न्हाय रं, वारं फिरलंय." त्या आवाजावर पैजा लागतात, भांडणं होतात. ती फौज पोचली नाही. येण्याच्या प्रयत्नात तिचे सुमारे २३ हजार लोक मेले किंवा जखमी झाले. कूतमधल्या माणसांना हा आकडा तेव्हा ठाऊक नव्हता. त्यांना फक्त आवाज ऐकू येत होता, एका रात्री जवळ, एका रात्री लांब.

आणि भूक. पहिले काही आठवडे ती जेवणाच्या वेळेला लागते. मग दिवसभर असते. त्यानंतर तिची जागा थकव्यानं भरून निघते आणि तुम्ही कवायतीच्या मैदानाएवढं अंतर चाललात तरी मधे बसावं लागतं.

धान्य शोधून काढलंय, जव आहे, पण दळायचं कसं? विमानातून जात्याचे दगड आणून टाकले, तेव्हा कुठे दळणाची सोय लागली. हे वाचताना नवल वाटतं. तिथे उभ्या असलेल्या माणसाला वेगळंच काही वाटलं असणार. त्याच्या घरी पहाटे आई जात्यावर बसायची आणि त्या घरघरीत त्याची झोप मोडायची. इथे परक्या आभाळातून जात्याची तळी खाली येते आणि सगळी पलटण ती बघायला धावते.

जवाची भाकरी हातात घ्या. पिठात कोंडा इतका की कड धरत नाही, मोडताना भुगा होतो. दाताखाली खडे येतात. लाकूडफाटा संपल्यामुळे लांगरी कच्च्या तेलावर चूल पेटवतात. त्याचा काळा चिकट धूर भाकरीला लागतो, लांगऱ्याच्या तोंडावर बसतो, तुमच्या घशात राहतो. एप्रिलमध्ये पिठाचा रोजचा वाटा पाच औंसांवर येतो, म्हणजे साधारण १४० ग्रॅम. घरातल्या काट्यावर एकदा १४० ग्रॅम पीठ मोजा. दोन भाकऱ्या होतील, त्याही लहान. दिवसभराला एवढंच.

घोड्यांचं दाणावैरण त्याआधीच संपलं. ती जनावरं एकमेकांच्या शेपट्या आणि दोरखंड चावतात. मग त्यांनाच मारून मांस वाटायला सुरुवात होते. गोरे शिपाई खातात. तुम्ही खात नाही.

इंग्रजांनी लिहिलेल्या कूतच्या हकिकतींमध्ये हिंदी शिपायांच्या या नकाराला हटवादीपणा म्हटलेलं आढळतं. मला ते मुळीच पटत नाही. क्षणभर तुम्ही त्या जागी बसून बघा. तुमच्या देव्हाऱ्यात खंडोबाचा टाक आहे आणि त्यात देव घोड्यावर बसला आहे. दर वर्षी पालीच्या नाहीतर जेजुरीच्या यात्रेला तुम्ही त्या घोड्यापुढे भंडारा उधळला आहे. शेजारी बसलेला गडी तुमच्याच भावकीतल्या कुणाचा तरी सोयरा आहे. आज तुम्ही काय खाल्लं ते उद्या गावात पोचणार. धाकट्या बहिणीचं लग्न व्हायचं आहे. पंगतीतून उठवलं, सोयरीक मोडली, तर? गोळीला न भिणारा माणूस या गोष्टीला भितो, कारण तो इथे लढतोय तो घरी परत जाण्यासाठी, आणि परत गेल्यावर घरानंच दार लावलं तर जगून करायचं काय?

हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून बिनतारी संदेशानं परवानगी आली. तरी माणसं थांबली. तोवर हिरड्या सुजल्या होत्या, दात हलत होते, भरलेल्या जखमा पुन्हा उघडत होत्या. पोरं किल्ल्याभोवतीचा हिरवा पाला खुडून भाजी करायला लागली. रानभाजीची पारख असलेला कुणीतरी प्रत्येक तुकडीत होताच, तो पान चुरगळून हुंगायचा, जिभेच्या टोकाला लावायचा, मग सांगायचा, "ह्यो चालंल. त्यो टाकून दे." शेवटी एप्रिलच्या मध्याला हजारो जणांनी मांस खायला सुरुवात केली. कोरेगावच्या गड्यानं खाल्लं तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून बसला होता. तुम्ही त्याच्याकडे बघितलं नाहीत. तुम्हीही त्याच्या पाठीला पाठ लावून बसलात आणि जेवलात.

त्याच सुमारास विमानं पोती टाकू लागली. वेढ्यातल्या फौजेला आभाळातून अन्न पुरवण्याचा हा जगातल्या पहिल्या प्रयत्नांपैकी एक. विमानाची घरघर ऐकू आली की सगळे माना वर करतात. पोतं सुटतं, गरगरत खाली येतं. काही गावात पडतात, काही नदीत, काही थेट तुर्कांच्या खंदकात. पोतं नदीत पडलं की हजारो माणसांच्या तोंडून एकदम जो आवाज निघतो, तो एकदा तरी ऐकावा लागतो. तेरा-चौदा हजार तोंडांना ती पोती पुरण्यासारखी नव्हतीच.

२९ एप्रिल १९१६ ला कूत पडलं. तोफा फोडून टाकल्या, तलवारी नदीत फेकल्या. पाच महिने सतत कानावर असलेला आवाज बंद झाला. सुमारे १३ हजार लोक कैद झाले, त्यांतले जवळजवळ १० हजार हिंदी. अधिकाऱ्यांना वेगळं काढलं आणि शिपायांना उन्हात चालवलं. सुरुवातीला मिळालेली कडक काळी बिस्किटं उपाशी पोटांना सोसली नाहीत. कित्येक त्यातच गेले. उरलेले बगदाद, मोसूल, तिथून पुढे रेल्वेच्या कामावर. त्या वाटेवर मी तुम्हाला नेत नाही. चालताना मागे पडलेल्याला उचलायला कुणाच्याही अंगात ताकद नव्हती, एवढं सांगितलं तरी पुरे.

त्याऐवजी इकडे या, सातारा जिल्ह्यात. वैशाख आहे. अंगणातली माती तापलेली, लिंबाखाली म्हशी धापा टाकताहेत. पोस्टमन आला की बायका कामं टाकून दारात येतात. पाच महिने कूतमधून एकही पत्र आलेलं नाही. आता 'पलटण पकडली गेली' एवढंच गावात कळलं आहे. गुरुजी मोडीतली जुनी कार्डं पुन्हा पुन्हा वाचून दाखवतात, नवीन काही नसतंच. तुम्ही त्या अंगणात उभे आहात आणि एक तरुण बाई सासूला विचारतेय, "आत्याबाई, मी हळदीकुंकवाला जाऊ का नको?" सासू उत्तर देत नाही. ती उठते, करंडा आणते, सुनेच्या कपाळावर आपल्या हातानं कुंकू लावते आणि पुन्हा शेण्या थापायला बसते. माणूस मेला की कैदेत आहे, हे न कळता महिनेच्या महिने जात. काहींना ते कळलं कधी, तर लढाई संपल्यावर, वाट चुकल्यासारखा एखादा हाडकुळा माणूस वेशीवर येऊन उभा राहिला तेव्हा.

आणि जे आले नाहीत त्यांचं काय झालं, ते बघायला बसऱ्याला जावं लागेल. तिथे १९२९ साली स्मारक उभं राहिलं. मेसोपोटेमियात मेलेल्या आणि कबर माहीत नसलेल्या ४० हजारांहून अधिक लोकांसाठी. गोऱ्या सैनिकांची नावं त्यावर कोरली. हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली. हिंदी शिपायांच्या बाबतीत मात्र पलटणीचं नाव आणि पुढे आकडा. तुमची पट्टी बांधून देणारा, रायफलचा खटका पुसून देणारा गडी त्या दगडावर एका आकड्यातला एक आहे. १९९७ मध्ये ते स्मारक मूळ जागेवरून उचलून शहराबाहेर नासिरियाच्या रस्त्यावर हलवलं गेलं. २०२१ मध्ये राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगानं एका अहवालात मान्य केलं की मेलेल्यांची आठवण ठेवताना असा भेदभाव झाला, आणि त्याबद्दल माफी मागितली.

आपल्याकडेही फार वेगळं घडलं नाही. सातारा, रत्नागिरी भागात कित्येक गावांच्या चावडीत किंवा शाळेच्या भिंतीत पांढऱ्या संगमरवराची छोटी पाटी बसवलेली आहे. या गावातून पहिल्या महायुद्धाला इतके गेले, त्यांतल्या इतक्यांनी प्राण दिले. दोन आकडे, नाव एकही नाही. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातून त्या युद्धात ४६ जण परत आले नाहीत. त्या गावाला आजही लोक अपशिंगे मिलिटरी म्हणतात आणि तिथला जवळपास प्रत्येक उंबरा फौजेशी बांधलेला आहे. तिथे आठवण जिवंत आहे. पण ज्या गावांत पाटीवर चुन्याचे थर बसलेत आणि तिच्यापुढे सायकली लावल्या जातात, त्या गावांनी काय करायचं?

ती नावं हरवलेली नाहीत, ही मला फार महत्त्वाची गोष्ट वाटते. आयोगाच्या नोंदींमध्ये ती आहेत आणि घरबसल्या इंटरनेटवर शोधता येतात. अनेक नोंदींत शिपायाच्या नावापुढे बापाचं नाव, गाव आणि जिल्हाही लिहिला आहे. स्पेलिंग साहेबाच्या कारकुनाला ऐकू आलं तसं आहे, म्हणून गावाचं नाव चार-पाच तऱ्हांनी लिहून बघावं लागतं. आडनावं ओळखीची निघतात. गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला ती वाचून दाखवा. घराणं कुठलं, वाडा कुठला, हे तो सांगेल. मग यादी शुद्ध मराठीत लिहून काढा आणि पुढच्या ग्रामसभेत ठराव मांडा, की जुन्या पाटीखाली नावांची दुसरी पाटी बसवावी. खर्च फार येत नाही. पैसे गोळा करायला मुलांनाच पाठवा, डबा त्यांच्याकडे आहेच.